होडी नसली तरी पुलाच्या वेळांवर बोलता येतं

प्रश्न : ताई, मी सिॲटलमधे तीन वर्षं आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. रोजची बस फ्रीमाँटच्या पुलावरून जाते. कधी साडेतीनला लवकर निघालो की हमखास घंटा वाजते, फाटक पडतं, पुलाची दोन्ही पाखं वर जातात आणि भरलेली बस तशीच उभी, कशासाठी तर शिडाची एक होडी जायचीय. कलीग म्हणाला की या पुलांच्या वेळा बदलायच्या तर सरकार लोकांकडून सूचना मागवतं. खरं का? आणि मी तर इथला नागरिक पण नाही, माझं कोण ऐकणार?
– एक वाचक, सिॲटल

उत्तर : खरं आहे, आणि तुमचं पण ऐकायला लागतं त्यांना. आधी नागरिकत्वाचं सांगते, कारण आपली माणसं तिथंच अडतात. या सूचना मागवतात त्या १९४६ च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्टप्रमाणे, आणि त्यात 'नागरिक' असा शब्दच नाहीये, ज्यांचा विषयाशी संबंध आहे अशा व्यक्ती असं म्हटलंय. तुम्ही रोज त्या पुलावरून जाता, अजून काय संबंध पाहिजे? फॉर्मवर व्हिसा कुठला हे कोणी विचारत नाही, नाव न देता सुद्धा लिहिता येतं.

आता ठरवतं कोण. पूल शहराचा, वर केबिनमधे बसून तो उघडणारा माणूस शहराचा, म्हणून लोक सगळी पत्रं शहराला पाठवतात आणि मग काही होत नाही म्हणून चिडतात. पण जिथून बोटी जातात ते पाणी केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं, आणि पूल कधी उघडायचा हा नियम कोस्ट गार्ड करतं. कायदा जुना आहे, १८९४ चा, पूर्वी हे काम लष्कराच्या इंजिनियर लोकांकडे होतं, १९६७ पासून कोस्ट गार्डकडे आलं. मूळ नियम एकच ओळीचा : बोटीने इशारा दिला की पूल लगेच आणि पूर्ण उघडायचा. एक लांब भोंगा आणि एक आखूड म्हणजे 'उघडा', पुलाने तसंच उत्तर दिलं म्हणजे 'उघडतो', आणि पाच आखूड आले म्हणजे 'आत्ता जमणार नाही'. बसमधे बसून तुम्ही हे ऐकलं असणार, फक्त कोण कोणाशी बोलतंय ते माहीत नसेल.

मुलाकडे गेले होते तेव्हा मी तिथं बऱ्याच संध्याकाळी उभी राहिलेय आणि खरं सांगते, होडीवाल्याबद्दलचा राग माझा तिथंच गेला. पूल पाण्यापासून साधारण ३० फुटांवर, होडीची डोलकाठी त्याच्याहून उंच, कालवा अरुंद, मागून वारा, आणि होडीला ब्रेक नसतो हो! गाडी सिग्नलला उभी राहते तशी ती जागच्या जागी उभी राहत नाही, गोल गोल फिरत बसावं लागतं आणि मागे अजून दोन आल्या की त्या एकमेकींना सांभाळत. कालवा आणि हा पूल दोन्ही १९१७ चे, तेव्हापासून हे असंच चाललंय, आता दिवसाला सरासरी पस्तीसेक वेळा उघडतो तो, जगात सगळ्यात जास्त उघडणाऱ्या पुलांमधे त्याचं नाव घेतात.

तुम्ही साडेतीनला अडकता आणि पाचला सहसा अडकत नाही, हे लक्षात आलंय का? कारण सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात १००० ग्रॉस टनाच्या (हे बोटीच्या आकाराचं माप) आतल्या बोटींसाठी पूल उघडला नाही तरी चालतो, अशी सवलत नियमातच आहे. म्हणजे रस्त्यावरच्या लोकांचा विचार नियमात होतो, पण तो कोणीतरी मांडायला लागतो.

मांडायचा कसा ते बघा. बदलाची मागणी लेखी कोणीही करू शकतं, बहुतेक वेळा पुलाचा मालकच करतो. कोस्ट गार्डला त्यात तथ्य वाटलं की प्रस्ताव फेडरल रजिस्टरमधे, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या राजपत्रात, छापतात, त्याला डॉकेट नंबर म्हणजे प्रकरणाचा नंबर असतो, शेवटची तारीख असते, आणि रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर तो नंबर टाकून आपलं म्हणणं टाइप करायचं. कधी कधी आधी नवीन वेळा जास्तीत जास्त १८० दिवस चाचणी म्हणून लावून बघतात आणि त्या काळातले अनुभव मागवतात, ही संधी तर अजिबात सोडू नका. शेवटी नियम पक्का करताना कुठले मुद्दे आले आणि ते का घेतले किंवा का नाही घेतले हे त्यांना छापायला लागतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, तुमच्या मुद्द्याला कागदावर उत्तर मिळतं.

फक्त एक, हे मतदान नाहीये. 'फार त्रास होतो, बंद करा' हे एकच वाक्य पाचशे लोकांनी कॉपी-पेस्ट केलं तरी तो मुद्दा एकच. त्यापेक्षा महिनाभर मोबाईलमधे लिहून ठेवा : तारीख, फाटक किती वाजता पडलं, किती मिनिटांनी उघडलं, किती होड्या गेल्या, बस पुढे किती लेट झाली, पावसात कोण उभं होतं. त्या पुलावर सायकली मोजणारं यंत्र २०१२ पासून आहे, ते आकडे सगळ्यांना बघता येतात, ते पण वापरा. आणि उपाय सुचवा. शेजारच्या माँटलेक पुलावर दुपारच्या काही वेळात फक्त तासाला आणि अर्ध्या तासालाच उघडतात, तसं इथं जमेल का असं विचारा, पण मग होड्या अर्धा तास कुठे थांबतील त्याचाही विचार पत्रात दिसू दे, नाहीतर ते पत्र अर्धवट वाटतं. 'ॲम्ब्युलन्स अडकेल' यावर जागा घालवू नका, ॲम्ब्युलन्स येतेय असं कळलं की ती पोचेपर्यंत पूल खाली आणायचा शक्य तेवढा प्रयत्न करायचा हे नियमात आधीपासून आहे. फोन नंबर, पत्ता लिहू नका, पत्र जगाला दिसतं.

प्रश्न : मी फ्लोरिडात रिटायर होऊन छोटी होडी घेतलीय. पुलांच्या बातम्यांमधे आम्ही होडीवाले नेहमी व्हिलन. आम्ही काय लिहायचं?
– एक वाचक, फोर्ट लॉडरडेल

उत्तर : काका, तुम्ही पण तेच लिहायचं, आकडे. तुमच्याकडे न्यू रिव्हरवरचा जुना रेल्वेपूल खाली असला की पाण्यापासून जेमतेम ४ फूट, तिथं ओहोटीच्या ओढीत किती वेळ थांबावं लागलं ते ऑफिसमधे बसून नियम लिहिणाऱ्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार. आणि एक विनंती, अँटेना किंवा तशी दुमडता येणारी बिनगरजेची वस्तू खाली घेऊन होडी पुलाखालून जात असेल तर ती खाली घ्यायलाच लागते, नुसत्या अँटेनासाठी पूल उघडायला लावू नका.

प्रश्न : आपल्याकडे असे पूल आहेत का? आणि पेपरात 'हरकती व सूचना' ची नोटीस येते ती कोणी वाचतं तरी का हो?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पूल आहे, रामेश्वरमचा पांबन. १९१४ चा जुना पूल माणसं हाताने चक्रं फिरवून उघडायची, एप्रिल २०२५ मधे नवीन सुरू झाला, त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ १७ मीटर वर उचलला जातो.

नोटिशीचं म्हणाल तर, मसुदा छापा, तारीख द्या, आलेल्या हरकती विचारात घ्या, हे आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधे आहे, कायदा असा मसुदा आधी छापायला सांगतो तिथं तिथं ते लागू होतं. पण प्रत्येक मुद्द्याला छापील उत्तर देण्याची सवय आपल्याकडे लागलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या गावच्या विकास आराखड्यावर मी हरकत दिली होती, दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीला बहुतेकांकडे एकच छापील फॉर्म, माझ्याकडे जुलैत आमच्या नाल्याचं पाणी कुठपर्यंत चढतं त्याचे तीन वर्षांचे तारखेसकट फोटो. साहेबांनी फॉर्म बाजूला ठेवले आणि फोटो हातात घेऊन विचारलं, "हे घर कुठलं?"