साम्राज्यांच्या काळातल्या परदेशी बँका : निव्वळ व्यापार की सरकारचं राजकारण?

तुमचा प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि रशियन बँकांनी दुसऱ्यांच्या देशांत शाखा थाटल्या, तो निव्वळ धंदा होता की त्यांच्या सरकारांचा त्यात हात होता?

मी तीसेक वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. फाइल कुणाचीही असो, आधी तारणाचं पान उघडायचं, ही तिथली सवय. या जुन्या बँकांकडेही मी तसंच बघतो, म्हणून इराणचं उदाहरण घेतो. तिथल्या कर्जांना काय तारण ठेवलं होतं ते पाहिलं की सरकारांचा हात कुठवर पोचला होता ते कळतं.

सुरुवात १८७२ सालची. बातम्यांच्या एजन्सीमुळे ज्याचं नाव आजही जगभर घेतलं जातं, त्या बॅरन ज्युलियस द रॉयटरने इराणचा राजा नासिरुद्दीन शाह याच्याकडून एक अफाट सनद मिळवली. रेल्वे, खाणी, जंगलं, कालवे, बँक आणि वर २५ वर्षांचा जकातीचा मक्ता. रशिया खवळला, देशातही असंतोष उसळला, आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये शाहने सनद रद्द केली. ब्रिटिश सरकारने तेव्हा रॉयटरची पाठराखण केली नाही. पण १८७४ मध्ये उत्तर इराणात रशियाच्या पाठिंब्याने रेल्वेचा मक्ता मागितला गेला, तेव्हा तो अडवायला लंडनने रॉयटरचा तोच दावा पुढे केला. माणसाला वाऱ्यावर सोडलं, त्याचा कागद मात्र जपून ठेवला!

तो कागद १८८९ मध्ये वटला. सर हेन्री ड्रमंड वुल्फ तेहरानात ब्रिटिश सरकारचे राजदूत म्हणून आले होते. त्यांच्या खटपटीतून ३० जानेवारी १८८९ रोजी रॉयटरला जुन्या सनदेच्या बदल्यात ६० वर्षांसाठी बँकेची सनद मिळाली, नोटा काढण्याच्या एकाधिकारासह. हीच इम्पीरियल बँक ऑफ पर्शिया (पर्शिया म्हणजे इराणच). त्याच वर्षी तिला व्हिक्टोरिया राणीची चार्टरही मिळाली. म्हणजे इराणच्या बाजारात फिरणारी नोट काढायची लंडनच्या भागधारकांच्या बँकेने.

पहिला मोठा बोजा चढला तो तंबाखूमुळे. १८९० मध्ये शाहने मेजर टॅलबट या इंग्रजाला तंबाखूच्या सगळ्या व्यापाराचा मक्ता दिला. व्यापारी आणि धर्मगुरू पेटून उठले. १८९१ च्या डिसेंबरात शिया पंथाचे बडे धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखूबंदीचा फतवा निघाला आणि लोकांनी तो असा पाळला की शाहच्या जनानखान्यातसुद्धा हुक्के बाजूला ठेवले गेले. १८९२ च्या जानेवारीत मक्ता रद्द झाला. हा लोकांचा खरा विजय, पण त्याची किंमत पाच लाख पौंड नुकसानभरपाई. खजिन्यात पैसा नव्हता, तो इम्पीरियल बँकेने सहा टक्क्यांनी दिला. तारण म्हणून इराणी आखातातल्या बंदरांची जकात. एका इंग्रजी कंपनीची भरपाई दुसऱ्या इंग्रजी संस्थेकडून कर्ज काढून भरली, आणि दक्षिणेच्या बंदरांवर बोजा बसला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हेच खुपतं.

रशियाची चाल वेगळी होती. १८९० मध्ये पोल्याकोव्ह नावाच्या रशियन भांडवलदाराने तेहरानात कर्ज देणारी संस्था काढण्याचा परवाना मिळवला. १८९४ मध्ये रशियाच्या अर्थखात्याने, म्हणजे मंत्री विट्टे यांनी, ती ताब्यातच घेतली. आता ही बँक म्हणजे रशियन सरकारच. शहजादे आणि दरबारी यांना ती सढळ हाताने कर्जं द्यायची. वसुलीचं काय, हा प्रश्न तिथे दुय्यम होता. आमच्याकडे अशी कर्जं बुडीत खात्यात गेली असती, तिथे ती वजन वाढवण्यासाठीच दिली जात.

१९०० मध्ये तिने इराण सरकारला २ कोटी २५ लाख रुबल दिले. अटी बघा. तारण आखात आणि फार्स प्रांत सोडून बाकी देशाची जकात, या पैशातून इंग्रजांचं १८९२ चं कर्ज आधी फेडायचं, आणि रशियाला विचारल्याशिवाय दुसरीकडून कर्ज घ्यायचं नाही. आपल्याकडे गहाण जमिनीवर दुसरं कर्ज काढायला पहिल्या बँकेचा ना हरकत दाखला लागतो ना, तसा दाखला एका अख्ख्या देशाला लागू लागला.

इंग्रजांना पुन्हा पाय रोवायचे होते, आणि इथे आपला संबंध येतो. १९०३-०४ मध्ये इराणला सुमारे तीन लाख पौंड मिळाले. देणारी म्हणून नाव इम्पीरियल बँकेचं, पैसा हिंदुस्थान सरकारचा. म्हणजे आपल्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून भरलेल्या तिजोरीतला. तारण फार्स आणि आखाताची जकात, टपाल व तारखातं आणि कॅस्पियन समुद्राच्या इराणी किनाऱ्यावरची मासेमारी.

आता ३१ ऑगस्ट १९०७ चा इंग्रज-रशियन करार वाचा. उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग इंग्लंडच्या, मधला पट्टा दोघांना मोकळा. लोक हा नकाशा पाहून थांबतात. मी म्हणतो, इराणविषयीची चौथी आणि पाचवी कलमं वाचा. कुठल्या जकातीचा पैसा कुठल्या बँकेच्या कर्जाला जाईल ते चौथ्यात लिहिलं आहे, दोन्ही बँकांची नावं घेऊन, अगदी कॅस्पियनच्या मासेमारीसकट. हप्ते चुकले आणि त्या उत्पन्नावर ताबा ठेवायची वेळ आली तर दोन्ही सरकारांनी आधी आपसात बोलायचं, हे पाचव्यात. इराणला या कराराबद्दल विचारलंही नव्हतं. तारणाची यादी आंतरराष्ट्रीय करारात उतरली, म्हणून माझं उत्तर : धंदा होता, पण तारणावर सरकारांचं नाव होतं.

इराणी लोकांना हे कळत नव्हतं असं मात्र समजू नका. १९०६ मध्ये पहिली मजलिस, म्हणजे इराणची संसद, भरली, आणि तिने सुरुवातीलाच इंग्रज-रशियन संयुक्त कर्ज नाकारून स्वतःची राष्ट्रीय बँक काढायचं ठरवलं. बायकांनी त्यासाठी दागिने देऊ केले. भांडवल पुरेसं जमलं नाही आणि ती बँक तेव्हा उभी राहिली नाही. राष्ट्रीय बँक, म्हणजे बँक मेल्ली, सुरू झाली १९२८ मध्ये. १९३० मध्ये इराण सरकारने दोन लाख पौंड मोजून इम्पीरियल बँकेकडून नोटा काढण्याचा हक्क परत घेतला. साठ वर्षांची सनद १९४९ मध्ये संपली, आणि तेलाच्या राष्ट्रीयीकरणाच्या धामधुमीत १९५२ मध्ये त्या बँकेने इराणमधला गाशा गुंडाळला.