लेबल झाकून वाइन चाखताना

पहिल्याच वेळी दहा बाटल्या मांडू नका. पाच पुरे; त्यापुढे जीभ दमते आणि सगळं सारखंच लागायला लागतं. प्रत्येकी ५० मिलि ओतली तर ७५० मिलिच्या बाटलीत १५ जणांचं भागतं.

बूच आणि वरचं वेष्टन आधीच काढा, बाटल्या कागदी पिशवीत घालून गळ्याशी बांधा. एकाने पिशव्या बांधायच्या, दुसऱ्याने आकडे घालायचे, म्हणजे यजमानही खेळात राहतो. बाटलीचा आकार मात्र पिशवीतूनही चुगली करतो: उतरत्या खांद्यांची बरगंडी आणि ताठ खांद्यांची बोर्दो (दोन्ही फ्रान्सच्या वाइन) जाणकार हाताने ओळखतो. असा कोणी मित्र असेल तर सरळ जगमध्ये ओता.

सगळ्या वाइन एकाच जातीच्या द्राक्षाच्या घ्या, तुलना सोपी जाते. अत्तर लावून येऊ नका, हे आधीच सांगा. (एखादा रुसतो. रुसू दे.)

मतं आधी कागदावर, मग तोंडावर. नाहीतर एकाने मोठ्याने ‘चेरी’ म्हटलं की सगळ्यांना चेरीच लागते. अंदाज चुकणारच, १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी अशाच चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला नंबर दिला होता.

थुंकायला एखादं भांडं ठेवा. पहिल्यांदा सगळे हसतात, चौथ्या पेल्याला शोधतात.