केपटाउनला एकच दिवस मोकळा आहे. नाशिकच्या वायनरी पाहून झाल्यात, मग तिथल्या ग्रूट कॉन्स्टान्शिया या जुन्या वाईनच्या बागेला जाण्यात काही अर्थ आहे का?

आहे, जरूर जा. फक्त तिथे गेल्यावर ‘१६८५ पासूनची अखंड परंपरा’ असं काही कानावर पडलं, तर त्यातला ‘अखंड’ सोडून द्या. जागा खरंच तेवढी जुनी आहे. जिच्यामुळे ती जगभर गाजली ती वाईन मात्र मध्ये जवळजवळ शंभर वर्षं नव्हतीच. मला विचाराल तर ही तुटलेली गोष्टच जास्त बघण्यासारखी आहे.

माझी निफाडकडे द्राक्षबाग आहे, थोडं क्षेत्र वाईनच्या जातींचं. बहीण केपटाउनला असते, म्हणून तिकडे जाणं होतं. तेव्हा हे एका बागाईतदाराचं उत्तर समजा. चवीतल्या बारकाव्यांवर बोलणारे दुसरे पुष्कळ आहेत.

केपमध्ये पहिली वाईन झाली १६५९ साली, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना रसद पुरवणाऱ्या ठाण्यावर. १६७९ मध्ये सिमॉन व्हान डर स्टेल तिथे कंपनीचा अधिकारी म्हणून आला आणि १६८५ मध्ये त्याला टेबल माउंटनच्या मागच्या उतारावर साडेसातशे हेक्टरच्या वर जमीन मिळाली. तीच कॉन्स्टान्शिया. या माणसाच्या आईची आई भारतीय होती, गुलामीतून मुक्त झालेली. तिचं नाव मोनिका, आणि तिला गोव्याच्या किनाऱ्याची म्हणतात. मराठी माणसाला हे कुणीतरी दारातच सांगायला हवं, म्हणून मी सांगतोय.

१७१२ मध्ये व्हान डर स्टेल वारला आणि जमिनीचे तुकडे पडले. ग्रूट म्हणजे थोरल्या कॉन्स्टान्शियाचे दिवस पालटले ते १७७८ मध्ये हेंड्रिक क्लुटेने ती घेतल्यावर. मस्कट जातीचे घड वेळेवर न तोडता वेलीवरच सुकू द्यायचे. मणी अर्धा बेदाणा झाला की पाणी उडतं, साखर राहते. अशा रसात यीस्ट सगळी साखर संपवू शकत नाही आणि मुरलेली, घट्ट गोड वाईन तयार होते. उत्पादन अर्थातच कमी. आपल्याकडे एवढा वेळ घड झाडावर ठेवायचा म्हटलं तर पाखरं, मधमाश्या आणि अवकाळी यांतून काय उरेल ते उरेल! पण युरोपातले राजेरजवाडे या वाईनसाठी रांगेत असायचे. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती जहाजाने जायची.

क्लुटेचं १७९१ चं वाईनचं कोठार अजून उभं आहे. आत जायची घाई करू नका, आधी बाहेर थांबून दर्शनी भिंतीवरचा त्रिकोण बघा. आंटोन आनराइट या शिल्पकाराने तिथे गरुडावर बसलेला गॅनिमीड कोरलाय, ग्रीक देवांना मद्य वाढणारा पोरगा, आणि भोवती धुडगूस घालणारी गुबगुबीत मुलं. पांढऱ्या चुन्याच्या साध्या भिंतीवर एवढीच काय ती मस्ती.

या सगळ्यासाठी राबत होते गुलाम. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्या देशातून आणलेले. केपच्या जुन्या कागदांत त्यांच्या नावांपुढे ‘व्हान बेंगालेन’, ‘व्हान मलबार’ असं लावलेलं असतं. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, फक्त कुठून आणला ते. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, तरी त्या भागातल्या बागांवर मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपात द्यायची ‘डॉप’ नावाची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. तिचे परिणाम तिथल्या मजूर वस्त्या अजून भोगतायत. आवारात गुलामांविषयीचं प्रदर्शन आहे. बहुतेक लोक ते टाळून थेट टेस्टिंगला जातात. तुम्ही असं करू नका.

आता खंड कसा पडला ते. १८५९ च्या सुमारास केपच्या बागांवर भुरी हा बुरशीचा रोग आला. त्यानंतर लगेच ब्रिटनने फ्रेंच वाईनवरचा कर उतरवला आणि केपच्या वाईनला मिळणारी सवलत गेली. क्लुटे घराणं कर्जात बुडालं. १८८५ मध्ये सरकारने बाग विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी केपमध्ये फिलॉक्सेरा सापडला. हा किडा मुळं खातो, त्याला फवारणी लागू पडत नाही. उपाय एकच, या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम. आपण डॉगरिज या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण अमेरिकन खुंट जगभर पसरले ते या किड्यामुळे. १९२५ मध्ये तर जुना वाडाही जळाला. आज दिसतो तो नंतर पुन्हा उभारलेला.

गोड वाईन परत आणली ती शेजाऱ्याने. क्लाइन कॉन्स्टान्शिया हा मूळ जमिनीतूनच निघालेला तुकडा १९८० मध्ये डग्गी योस्टे यांनी घेतला, जुन्या नोंदी धुंडाळून मस्कट द फ्राँतिन्यान जात पुन्हा लावली आणि १९८६ च्या हंगामात ‘व्हँ द कॉन्स्टन्स’ काढली. पुढे ग्रूट कॉन्स्टान्शियानेही ‘ग्रँड कॉन्स्टन्स’ सुरू केली. म्हणजे तुम्ही जी चाखाल ती माझ्या पिढीत नव्याने बसवलेली आहे. मला हे कमीपणाचं मुळीच वाटत नाही. मोडलेली बाग परत उभी करायला काय लागतं ते आम्हाला विचारा.

नाशिकपेक्षा वेगळं काय? तिथला वेल हिवाळ्यात खरोखर झोपतो. आपला झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घ्यावं लागतं. गंमत अशी की नोव्हेंबरात गेलात तर तिथेही वेल फुलोऱ्यात असेल, नेमका आमच्यासारखा. तोडणी बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. जून ते ऑगस्ट पावसाळा, शक्यतो नको.

शहरातून गाडीने साधारण अर्धा तास लागतो. सकाळी लवकर निघा, आधी वाडा आणि प्रदर्शन, मग कोठार, मग टेस्टिंग. गोड वाईन सगळ्यात शेवटी मागा. ती आधी प्यालात तर पुढच्या सगळ्या आंबट लागतील. बाटली महाग आहे, आधी चाखा आणि मगच ठरवा. वेळ उरला तर क्लाइन कॉन्स्टान्शिया अगदी जवळ आहे. दोघांची गोड वाईन एकाच दिवशी प्यायला मिळाली तर फरक तुमचा तुम्हालाच कळेल. मला शेजाऱ्याची जास्त आवडते.