रोमकरांस पत्र हाती घेतलंस, तर

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर थांबू नको. आपल्या जालन्याकडच्या पोरांचं तिथंच अडतं: ३:२८ (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो) पाठ केलं की निघाले वाद घालायला. चौथा अध्याय सावकाश वाच आणि शेजारी उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, उघडून ठेव. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे उत्पत्ती १५:६ ला. सुंतेची आज्ञा येते थेट १७व्या अध्यायात. पौलाचा मुद्दा या क्रमावरच उभा आहे. देवाने स्वीकारलं आधी, खूण नंतर.

मग कुणीतरी याकोबाच्या पत्रातलं २:२४ (माणूस फक्त विश्वासाने नव्हे, कर्मांनी नीतिमान ठरतो) पुढे करणारच. गडबडू नको. याकोब बोलतो ते अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवल्याबद्दल, म्हणजे उत्पत्तीचा २२वा अध्याय, कितीतरी वर्षांनंतरचा. कर्मं विश्वासातून येतात, त्याची किंमत म्हणून नव्हे; निदान आपण प्रोटेस्टंट तरी असंच मानतो. कॅथलिक मित्राशी बोलताना मात्र जरा जपून. लुथरन आणि कॅथलिकांनी १९९९ साली नीतिमान ठरण्याच्या याच मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्र केलंय, सगळे मतभेद मिटले नसले तरी.

पैठणच्या षष्ठीला जाणारी तुझी आजी विचारेल, "मंग चांगलं वागायचंच न्हाई का रं?" हाच प्रश्न रोम ६:१ मध्ये आहे. तिच्याशी वाद घालू नको; आधी चहा टाक, मग त्याचं उत्तर देणारं ६:२ही वाचून दाखव.