एकाच कर्करोगावरच्या दोन गोळ्यांच्या किमतींत एवढा फरक का?

आपल्या वडिलांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातील बदल आढळला, एका डॉक्टरांनी गेफिटिनिब तर दुसऱ्यांनी ओसिमर्टिनिब सुचवले, आणि दोन्हींच्या खर्चात कित्येक पटींचा फरक का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत माझा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. कोणती गोळी द्यावी हे डॉक्टरांनीच ठरवावे. किमतीबद्दल मात्र मी बोलू शकतो.

आधी एक स्पष्ट करतो. महाग गोळी केवळ नावामुळे महाग नाही. दोन्ही औषधे या जनुकापासून बनणाऱ्या एकाच प्रथिनाला अडवतात, परंतु गेफिटिनिब काही महिन्यांनी निष्प्रभ होऊ लागते आणि अशा सुमारे निम्म्या रुग्णांत त्याच जनुकात टी790एम हा नवा बदल दिसतो. त्यालाही पुरून उरेल असे औषध म्हणून ओसिमर्टिनिबला 2015 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे ते पहिल्यापासूनच देऊन पाहिले, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ (निम्म्या रुग्णांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) 18.9 महिने भरला. जुन्या गोळ्यांचा 10.2 होता.

तरीही किंमत ठरते ती गुणावर नव्हे, तर बाजारात विकणारे किती आहेत यावर. आपल्याकडे 2005 पर्यंत औषधाच्या रेणूला, म्हणजे मूळ रसायनाला, पेटंट (ठरावीक वर्षे एकट्यानेच विकण्याचा हक्क) मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने इतर कंपन्या बनवू शकत. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबचा मूळ रेणू त्याआधीचा होता. ते औषध आणणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने त्याच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी ते नाकारले. तेव्हा मूळ कंपनीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास, तर भारतीय कंपन्यांचा आठ-दहा हजार होता. गेफिटिनिबही अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि त्यांची चढाओढ आम्हा घाऊक विक्रेत्यांना रोज दिसते. ओसिमर्टिनिबचा रेणू 2005 नंतरचा, म्हणून त्याला पेटंटचे कवच मिळू शकले. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात त्यावरील आयात शुल्क माफ झाले, पण शुल्क गेल्याने फार तर शुल्कापुरती किंमत उतरते. स्पर्धकाने उतरते तशी उतरत नाही.

गेफिटिनिब घ्यायचे ठरले, तर छापील किमतीवर जाऊ नका. बऱ्याच कंपन्यांची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा दर यांत मोठे अंतर असते, तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारावे. ओसिमर्टिनिब ठरले, तर कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आहे का हे डॉक्टरांना विचारावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. परदेशातून चोरवाटेने आलेली स्वस्त गोळी बिलाशिवाय कोणी देऊ केली, तर ती घेऊ नये. आत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.