चौथी मिती काळाचीच का?

प्रश्न : चौथी मिती म्हणजे काळ, असे आम्ही शिकलो. मग भूमितीत चार मितींचा घन कसा मांडतात? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : भूमितीला काळाशी कर्तव्य नाही, नेहमीच्या तिन्ही दिशांना काटकोनात असलेली आणखी एक दिशा मानली की तिचे भागते (ती कागदावर मावत नाही, हा कागदाचा दोष). घन त्या दिशेने बाजूइतका सरकवला, तर मूळचे ८ आणि सरकलेले ८ असे १६ कोपरे होतात, आणि दोन्ही घनांच्या २४ कडांत कोपरे जोडणाऱ्या ८ मिळवल्या की ३२ कडा. मराठवाड्याच्या उन्हात तारेच्या घनाची सावली सपाट पडते, तशी या आकृतीची त्रिमितीय सावलीच आपण पाहू शकतो. गणितज्ञ मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या अवकाशकाळात (अवकाशाच्या तीन मिती आणि काळ यांच्या एकत्र रचनेत) मात्र अंतराच्या सूत्रातील काळाच्या पदाचे चिन्ह उलटे असते, म्हणून ती मिती इतर तिघींसारखी नाही.