१६ वर्षांची घोडी शिंगरासाठी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या घोडेबाजारात १६ वर्षांची काठेवाडी घोडी स्वस्तात मिळते आहे. आधी चार शिंगरं झाली आहेत, गेली दोन वर्षं रिकामी आहे. कोकणात नागावला आणून तिच्यापासून एक-दोन शिंगरं मिळतील का?

मिळू शकतील, पण स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. वयापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती दोन वर्षं रिकामी का राहिली. घोडाच लावला नसेल तर हरकत नाही. तीन-चार माजांना भरवूनही, म्हणजे घोडा लावूनही, गाभण राहिली नसेल तर मात्र सावध व्हा. विकणारा अर्थातच पहिलं कारण सांगणार. म्हणून शेवटचं शिंगरू कधी झालं, त्यानंतर किती वेळा भरवली, त्या घोड्यापासून त्या वर्षी दुसऱ्या घोड्या गाभण राहिल्या का, गाभ टाकला असेल तर कितव्या महिन्यात, हे खोदून विचारा. एकदाही न व्यायलेली १६ वर्षांची घोडी असती तर मी सरळ ‘नको’ म्हटलं असतं. अशा घोडीच्या गर्भाशयाचं तोंड माजातही नीट उघडत नाही.

घोडा लागला की कुठल्याही घोडीच्या गर्भाशयात थोडी सूज येते आणि पाणी जमतं. तरुण घोडी ते दिवस-दीड दिवसात बाहेर टाकते. जुन्या घोडीचं गर्भाशय ओघळून पोटात पुढे उतरलेलं असतं, स्नायू ढिले झालेले असतात, त्यामुळे पाणी तिथेच साचतं. साधारण सहाव्या दिवशी गर्भ बीजनळीतून गर्भाशयात उतरतो, तोवर आत घाण राहिली तर तो टिकत नाही. घोडीचं स्त्रीबीज जुनं झाल्यामुळे जे गर्भ जातात त्यांना इलाज नाही. साचलेल्या पाण्याला आहे, आणि पुढची बहुतेक मेहनत त्यासाठीच आहे.

बाजारात आधी दात बघा. वरच्या जबड्यातल्या कडेच्या पटाशीच्या दातावर एक उभी काळपट रेघ असते. ती दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराला निम्म्या दातापर्यंत येते आणि विसाला पूर्ण दातभर. वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, पण ‘अकराची आहे’ म्हणून सतराची गळ्यात मारली जात नाही.

मग शेपटी वर धरून मागून बघा. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) उभी हवी, आणि तिचा बहुतेक भाग बैठकीच्या हाडाच्या खाली हवा. वाळलेल्या जुन्या घोडीचं गुदद्वार आत खेचलं जातं, निरण तिरपी होते आणि लीद थेट तिच्यावर पडते. निरणाचे ओठ बोटांनी हलकेच बाजूला करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाके घालून वरचा भाग बंद करावा लागेल. त्यासाठी घोडी सोडायची गरज नाही, पण भावात धरा. घोडी धुऊन उभी केलेली असते, म्हणून शेपटीच्या मुळाखालचे केस आणि मांड्यांची आतली बाजू चाचपा. चिकटून वाळलेला स्राव तिथे सापडतो. ऐन उन्हातही लांब, न गळणारे केस आणि खुरांना दाह हे अंतःस्रावी आजाराचं लक्षण आहे. अशी घोडी सोडा.

सौदा पक्का करण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशयाची सोनोग्राफी, आतल्या स्रावाची तपासणी आणि जमलं तर बायोप्सी (गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्या. गाई-म्हशींसाठी वापरतात तोच सोनोग्राफीचा प्रोब घोडीला चालतो. बायोप्सीसाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. निकाल चार श्रेणींत येतो: पहिलीत शिंगराची शक्यता ८० ते ९० टक्के, दोन-अ मध्ये ५० ते ८०, दोन-ब मध्ये १० ते ५०, तिसरीत १० टक्क्यांच्या आत. या वयात दोन-अ आली तरी खुशाल घ्या. ‘गाभण आहे’ म्हणून जास्त भाव सांगितला तर हात घालून तपासल्याशिवाय रुपयाही वाढवू नका. ग्लँडर्सचा रक्ततपासणी अहवाल हातात आल्याशिवाय घोडी ट्रकमध्ये चढवू नका. हा रोग माणसालाही होतो आणि लागण निघाली तर घोडी मारावीच लागते.

सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीचा, म्हणजे घोडी डिसेंबरात घरी येईल. जानेवारी तिला रुळू द्या. हंगामाच्या सुरुवातीचे माज लांबलचक आणि फसवे असतात, बीज सुटतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये २१ दिवसांचं चक्र बसलं की कामाला लागा. गाभणकाळ साधारण ३४० दिवसांचा, म्हणजे १५ मार्चला भरवलेली १८ फेब्रुवारीच्या सुमारास विणार. जुलैत भरवली तर शिंगरू ऐन पावसाच्या तोंडावर ओल्या तबेल्यात पडेल. मे उलटला की ते वर्ष सोडा.

जुन्या घोडीला एका माजात एकदाच घोडा लावा. दिवसाआड लावत राहिलं तर प्रत्येक वेळी नवी घाण आत जाते. बीजकोशातला फुगा ३५ मिलिमीटरचा झाला की डॉक्टर बीज सुटावं म्हणून एचसीजी या संप्रेरकाचं १५०० ते २५०० युनिटचं इंजेक्शन देतात. बीज साधारण ३६ तासांत सुटतं, त्याआधी घोडा लावायचा. शेपटी बांधा, निरण स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करा. सहा ते बारा तासांनी पुन्हा सोनोग्राफी. पाणी दिसलं तर कोमट सलाईन एकेक लिटर घालून, परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत गर्भाशय धुवायचं, मग गर्भाशय आकुंचन पावून पाणी बाहेर टाकावं म्हणून ऑक्सिटोसिन १० ते २० युनिट दर चार-सहा तासांनी. हे डॉक्टरांनीच करायचं काम. घोडा लागल्यावर पहिले चार तास मात्र काही करायचं नाही, तेवढ्यात वीर्य नळीत पोचतं. घोडी दावणीला उभी ठेवू नका, चालवा. पाणी उतरायला त्याने खरोखर मदत होते.

१४ ते १६ व्या दिवशी तपासणी, मुख्यतः जुळ्यांसाठी. जुळी असतील तर एक त्याच वेळी दाबून काढतात. पुढची तपासणी २८ व्या आणि ४५ व्या दिवशी. पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भ गेला तर घोडी पुढचे काही महिने नीट माजावर येत नाही, हंगाम संपला समजा.

चाऱ्यात कोकणाची अडचण वेगळीच. उडवीतला भाताचा पेंढा झिजलेल्या दातांनी चावला जात नाही, आतड्यात गोळा होऊन पोटशूळ उठतो. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, तो तर दाखवूही नका. नेपियर गवत आणि कोंडा यांवरच घोडी ठेवली तर हाडांतलं कॅल्शियम जातं. निदान तिसरा हिस्सा घाटावरून येणारा लसूण घास हवा. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा, शेवटच्या तीन महिन्यांत दोन-तीन किलो भिजवलेली चंदी (धान्याचा खुराक) आणि ३० ग्रॅम मीठ. किनाऱ्यावर जमिनीवर चारा टाकू नका, वाळू पोटात जाते. शंका आली तर मूठभर लीद पारदर्शक बाटलीत पाण्यात ढवळून ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला की कळलंच. पावसाळ्यात घोडमाशीमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो आणि घोडी गाभ टाकते, त्यामुळे येऊन-जाऊन ताप आला तर लगेच रक्त तपासा.

गाभ पाडणाऱ्या हर्पीस विषाणूची लस पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात. धनुर्वाताची विण्याच्या महिनाभर आधी. निरणाला टाके असतील तर दोन-तीन आठवडे आधी उघडून घ्या, नाहीतर फाटतं. विताना पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर डॉक्टरांची वाट न बघता ती कापा आणि शिंगरू ओढा. एरवी पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर हवं, तासात उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार पडलेली. वार ओढू नका. वयस्कर घोडीत गर्भाशयाची रक्तवाहिनी फुटण्याचा धोका मोठा. व्यायल्यावर घाम, पोटदुखी आणि पांढऱ्या हिरड्या दिसल्या तर तिला हलवू नका, अंधारात शांत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

व्यायल्यावर आठ-दहा दिवसांनी येणारा पहिला माज या वयात वाया जाऊ द्या. महिन्याने दुसरा येतो, घोडा त्याला लावा.